एनपीसी कोणाला म्हणता?

मंडळी, आपल्या मुलांच्या तोंडी हल्ली एक शिवी बसली आहे आणि ती शिवी आहे हे बऱ्याच आईवडिलांच्या गावीही नाही. 'एनपीसी.' "तो ना, एकदम एनपीसी आहे," असं मुलं वर्गातल्या अबोल मुलाबद्दल म्हणतात, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरबद्दल म्हणतात, दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या बाईबद्दल म्हणतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आणि रोज ठरल्या वेळी चहा मागणाऱ्या आजोबांबद्दलही म्हणतात. अर्थ साधा आहे. हा दिसतो माणसासारखा, पण ह्याच्या आत कोणी नाही. ह्याला स्वतःची गोष्ट नाही, माझ्या गोष्टीत मागे उभं राहायला ह्याला ठेवलेलं आहे.

यंदा ह्याच शब्दावरून आपल्या मंडळात एक सूचना आली. मुलांसाठी गेली तीन वर्षं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं एक टेबल लागतं, महिन्यातून दोन शनिवार, थंडीत कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये. ते बंद करावं, कारण मुलं ही भाषा तिथे शिकतात. शिवाय त्यात भुतंखेतं आहेत, वेळ फार जातो, आणि एसएटीला त्याचा काही उपयोग नाही. ते टेबल मी चालवते. म्हणून माझं म्हणणं स्मरणिकेत मांडते आहे. मीटिंगमध्ये बोलायला दोन मिनिटं मिळतात, त्यातलं एक समोसे आल्यामुळे जातं.

माझं म्हणणं असं की आरोपी चुकीचा पकडला आहे. माणसाला एनपीसी समजणं मुलं त्या टेबलावर शिकत नाहीत. ती ते दुसरीकडे शिकतात, आणि त्या 'दुसरीकडे'मध्ये आपली घरं, आपली ऑफिसं आणि आपल्या मंडळाचं स्टेजही येतं. उलट ह्या रोगावर ट्रॉयमध्ये काही औषध मिळत असेल तर ते त्या टेबलावर मिळतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक कागद, त्यावर आपल्या पात्राचं नाव आणि ताकद, चपळाई, अक्कल वगैरेंचे आकडे. एक जण सूत्रधार, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो सांगतो, "तुम्ही वेशीपाशी आलात. पाऊस पडतोय. दार बंद आहे." आता काय करायचं ते खेळाडूंनी सांगायचं, आणि ते साधलं की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरतं. खेळाडूंच्या हातातली पात्रं म्हणजे पीसी, 'प्लेयर कॅरेक्टर'. जगात बाकी जे कोणी भेटेल, म्हणजे वेशीवरचा पहारेकरी, खानावळवाली, चोर, राजा, ती सगळी 'नॉन-प्लेयर कॅरेक्टर', एनपीसी. त्यांच्या वतीने सूत्रधार बोलतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून तीन लहान पुस्तिकांच्या खोक्यात बाहेर पडला. पहिल्या छपाईत हजार प्रती होत्या. गायगॅक्स म्हणजे विम्याची नोकरी गेल्यावर घरच्या तळघरात जोडे दुरुस्त करणारा गृहस्थ. २०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यावर तिकिटं काढली. तेव्हा हे कालपरवाचं फॅड आहे असं समजू नका.

पण खरी जन्मकथा त्याच्याही पाच वर्षं आधीची आहे आणि माझा सगळा वाद तिच्यावर उभा आहे.

१९६९ साली मिनेसोटात, मिनिआपोलिस-सेंट पॉल भागात, डेव्हिड वेस्ली नावाचा एक तरुण मित्रांबरोबर टेबलावर लढाया मांडत असे. नेपोलियनचा काळ, छोटे शिपाई, दोन बाजू, मध्ये पंच. एकदा त्याने दोन फौजांच्या मधोमध ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव ठेवलं. खेळायला माणसं जास्त आली होती आणि सेनापती तर मोजकेच लागतात. मग त्याने उरलेल्यांना गावातली माणसं वाटून दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकर, कोणी विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं होतं. झालं, सगळे एकमेकांशी बोलायला लागले, कानाकोपऱ्यात जाऊन कारस्थानं करायला लागले, आणि लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी? त्याच टोळक्यात आर्नेसन होता.

म्हणजे बघा, ज्या माणसांना लढाईच्या नकाशात जागाच नसते, ज्यांच्या गावातून फौजा नुसत्या जातात, त्यांना ज्या दिवशी एकेक खेळाडू मिळाला त्या दिवशी हा खेळ जन्मला. एनपीसीला माणूस मानण्यातूनच तो निघाला आहे.

हे नियमांतही उतरलेलं आहे. १९७४ च्या पहिल्याच पुस्तिकेत पदरी माणसं ठेवण्याचे नियम आहेत. मशाल धरायला, ओझं वाहायला, बरोबर लढायला माणूस हवा असेल तर त्याला पैसे द्यावे लागतात, कबूल करावं लागतं. त्याची निष्ठा किती हे फासे टाकून ठरतं, आणि त्याला वाईट वागवलं तर ती घटते. पुढे १९८१ साली टॉम मोल्डव्हेने नवशिक्यांसाठी सोप्या केलेल्या नियमांत प्रत्येक मोहिमेनंतर अशा माणसाची परीक्षा ठेवली. फासे उलटे पडले तर तो पुन्हा तुमच्याबरोबर येत नाही. त्याने हिशेब चुकता केला, घरी गेला, विषय संपला. तुमच्या अंगात कितीही जादू असो, त्याच्या 'नाही'पुढे ती चालत नाही. आमच्या टेबलावर हा जुना नियम मी मुद्दाम ठेवला आहे. पहिल्या वर्षी मुलांचे सात हमाल पळून गेले. आता मुलं त्यांना आधी जेवायला घालतात.

मी मूळची कुडाळची. त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. आमच्याकडे कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळाच्या पुढ्यात रात्रभर दशावतार चालतो. पार्सेकर, मोचेमाडकर अशी नावाजलेली मंडळं आहेत. मांडणी काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर. बाजूला पेटी आणि मृदंग. आणि लिहिलेली संहिता नाही! आख्यान कुठलं ते ठरतं, कोण काय होणार ते ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो. बोलायचं काय ते ज्याचं त्याने उभं राहिल्यावर ठरवायचं. आता मुद्दा असा, की संहिता नसली की लहान पात्र उरतच नाही. राजाला दासीने काय उत्तर द्यायचं हे कोणी लिहून दिलेलं नसतं. ती काय बोलते त्यावर राजाचं पुढचं वाक्य अवलंबून. द्वारपालाने अडवलं तर राजाला खरोखर युक्तिवाद करावा लागतो, आणि द्वारपाल जुना नट असेल तर राजाला घाम फुटतो. पूर्वरंगातला संकासुर घ्या. वेद पळवायचे आणि विष्णूच्या हातून मरायचं, एवढंच त्याचं काम. पण काळा वेश करून मालवणीत बोलायला लागला की आख्खी जत्रा त्याच्या हातात. विष्णू बिचारा वाट बघत उभा.

तेव्हा आमच्या टेबलाला 'अमेरिकन खूळ' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. रात्री दोन वाजता देवळाच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसलेल्या आपल्या आजीला हा खेळ तुमच्याआधी कळला असता.

आणि ही कल्पना नुसती कागदावरची नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या टेबलावर एका मुलाचे आजोबा नुसते बघायला येऊन बसले. एसटीत कंट्रोलर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना म्हटलं, काका, वेशीवरचा पहारेकरी तुम्ही व्हा, मराठीत बोला, मुलं बघून घेतील. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची सरसावली आणि पहिला शब्द काढला, "परवाना?"

मुलांकडे परवाना नव्हता. त्यांच्याकडे दोन तलवारी, एक जादूची काठी आणि एक बोलणारा घुबड होता. एका मुलीने गोड बोलून बघायचं ठरवलं, फासा टाकला, एकोणीस पडले. एरवी एकोणीस म्हणजे काम झालंच. आजोबा म्हणाले, "एकोणीस पडले म्हणून मी तुला चहा पाजीन. वेस उघडणार नाही. मला वरून ऑर्डर नाही." मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे काय बघता, त्यांना विचारा.

मग एकाने विचारलं, मोडक्या मराठीत का होईना, "तुम्हाला काय पाहिजे?" हा प्रश्न तीन वर्षांत त्या मुलाने कुठल्याही पहारेकऱ्याला विचारला नव्हता. आजोबा म्हणाले, "माझी ड्यूटी सहाला संपली. बदली माणूस आलेला नाही. तो कुठे अडकला ते बघून या."

पुढचे दोन शनिवार मुलांनी त्या बदली माणसाला शोधण्यात घालवले. ड्रॅगन गुहेत वाट बघत राहिला. दुसऱ्या शनिवारी खाणं चालू असताना आजोबांनी सहज सांगितलं की २००५ च्या जुलैत महाडला पूर आला तेव्हा ते डेपोत ड्यूटीवर होते, अडकलेले प्रवासी धरून बसले होते, आणि बदली माणूस तीन दिवस आला नव्हता. नातू शेजारीच बसला होता. बारा वर्षांचा मुलगा, आजोबांच्या तीन अमेरिका वाऱ्या झालेल्या, आणि हे त्याने पहिल्यांदा ऐकलं. का ऐकलं नव्हतं? तर कोणी विचारलं नव्हतं म्हणून.

आता खऱ्या आरोपीकडे येऊ. कॉम्प्युटरवरच्या खेळातही एनपीसी असतात आणि ही शिवी तिथून आली आहे. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, वेन स्टेटमधून एमएस करून बाहेर पडले त्याला वीसेक वर्षं झाली, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगते. तिथल्या पहारेकऱ्याच्या आत खरंच कोणी नसतं. खेळाडू अमुक अंतरावर आला की तमुक वाक्य बोल, एवढी त्याला सूचना. २०११ साली आलेल्या 'स्कायरिम' खेळातले पहारेकरी गुडघ्यात बाण लागल्याची तीच ती रडकथा इतक्या वेळा सांगत की जगभर त्याचा विनोद झाला. २०१८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या राजकीय भांडणांत हा शब्द माणसांना चिकटला. करड्या रंगाचा, भावशून्य चेहरा काढायचा आणि विरोधकाला म्हणायचं, हा स्वतः विचार करत नाही, ह्याच्यात प्रोग्राम भरलेला आहे. तिथून तो शाळांत आला आणि शाळांतून आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर. टेबलावरच्या खेळात आणि ह्यात नाव सारखं आहे, बाकी काही सारखं नाही. टेबलावरच्या प्रत्येक एनपीसीच्या मागे एक जिवंत माणूस बसलेला असतो, विचार करत.

पण सगळं खापर कॉम्प्युटरवर फोडून मोकळं होणं मला पटत नाही. मुलांनी हा शब्द इतका पटकन उचलला, कारण त्याचा अर्थ त्यांना घरात रोज दिसतो.

आपल्यातले निम्मे लोक आयटीत आहेत. आपल्या धंद्यात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. "ह्या प्रोजेक्टवर अडीच रिसोर्स लागतील." अर्धा रिसोर्स म्हणजे कुठला अर्धा, कमरेच्या वरचा की खालचा, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. रात्री जेवणाच्या टेबलावर फोन कानाला लावून आपण म्हणतो, "ऑफशोअरला टाक, सकाळपर्यंत होऊन जाईल." ऑफशोअर म्हणजे कोण? पुण्याला हिंजवडीत बसलेला एक मुलगा, ज्याच्या आईचं आज ऑपरेशन असेल, ज्याची बस चुकली असेल, ज्याचं कालच लग्न ठरलं असेल. आपल्याला त्याचं आडनावसुद्धा ठाऊक नसतं. आपण झोपलो की तो चालू होतो आणि उठलो की काम तयार. ह्याला दुसरं नाव सुचत असेल तर मला सांगा. मूल समोर बसून वरणभात खात असतं आणि ऐकत असतं.

मग शिवजयंतीचा कार्यक्रम. वेशभूषा स्पर्धेत एका वर्षी मी नऊ शिवाजी मोजले. तीन जिजाबाई, एक झाशीची राणी (ती चुकून आली असावी, पण टाळ्या तिलाच जास्त). मावळा एकही नाही. मावळ्याचा वेश सोपा, स्वस्त आणि थंडीत सोयीचा, पण कुठल्याही आईला आपलं मूल मावळा नको. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा त्यांच्यासारखा वेश करून पालखीत बसला तो शिवा काशिद, जातीने न्हावी. पकडला गेला, मारला गेला. पन्हाळ्यावर त्याची समाधी आहे. महाराजांबरोबर पालखी घेऊन विशाळगडाकडे धावले ते बांदल मावळे, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते एकटे नव्हते. आता मला सांगा, पालखीत बसायच्या आधी शिवा काशिदच्या मनात काय आलं असेल? तो 'नाही' म्हणू शकला असता का? ह्या प्रश्नावर आमच्या टेबलावर एकदा मुलं पाऊण तास भांडली. स्टेजवरच्या नऊ शिवाजींपैकी एकाला तरी हा प्रश्न पडला असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात मुलांचा काहीच दोष नाही. त्यांना तीस सेकंदांचा संवाद पाठ करून पाठवलेलं होतं.

आईवडील भारतातून आले की आपण त्यांना काय करतो तेही एकदा लिहून टाकते. विमानतळावरून आणतो, भारतीय टेंपल दाखवतो, नायगरा दाखवतो, आणि मग त्यांना खिडकीपाशी ठेवतो. गाडी चालवता येत नाही, बिग बीव्हर रोड पायी ओलांडायची सोय नाही. मग "चहा झाला का", "आज थंडी आहे", "मुलं कधी येतील" ही तीन वाक्यं उरतात. नातवाला वाटतं की आजोबांना ही तीनच वाक्यं येतात. त्याने बघितलेल्या एनपीसीचं वर्णन अगदी तंतोतंत जुळतं, मग तो शब्द वापरतो. शब्द बंद करून काय होणार आहे?

भुतंखेतांबद्दल. १९७७ च्या ह्या खेळाच्या राक्षसांच्या पुस्तकात आपला 'राक्षस' आहे, वाघाचं तोंड, अंगात झकपक कोट आणि हातात चिलीम. १९८० च्या दुसऱ्या एका पुस्तकात इंद्र, विष्णू, काली यांना किती घाव घातले की मरतात त्याचे आकडे आहेत. ह्यावर कोणाला निषेध नोंदवायचा असेल तर पहिली सही माझी. म्हणून तर आम्ही ती पुस्तकं वापरत नाही. आमच्याकडे मुंजा, हडळ, गिऱ्हा आणि वेताळ आहेत, आणि त्यांची माहिती मुलांनी भारतात फोन करून आजीकडून गोळा केली आहे. गिऱ्ह्याशी कुस्ती कशी खेळायची ह्यावर दोन आज्यांचं मत जुळलं नाही. तो वाद अजून चालू आहे.

आणि "ह्या खेळाने मुलं बिघडतात" ह्या भीतीचं मूळ कुठे आहे ठाऊक आहे का? आपल्याच मिशिगनमध्ये. १९७९ च्या ऑगस्टमध्ये ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतून जेम्स डॅलस एग्बर्ट नावाचा सोळा वर्षांचा विद्यार्थी नाहीसा झाला. तो हा खेळ खेळायचा. घरच्यांनी नेमलेल्या गुप्तहेराने तर्क मांडला की विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत खरोखरचा खेळ खेळायला जाऊन तो हरवला असेल. देशभर वर्तमानपत्रांनी तेच उचललं. त्यावरून बेतलेली कादंबरी १९८१ मध्ये आली, १९८२ मध्ये तिच्यावर टीव्हीचा सिनेमा, त्यात तरुण टॉम हँक्स. खेळाला सैतानी ठरवणाऱ्या आईबापांच्या संघटना निघाल्या. प्रत्यक्षात तो मुलगा महिन्याभराने दूर लुइझियानात सापडला. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या गुप्तहेराने १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात खेळ बराच मागे पडतो. पुढे येतो तो वयाच्या फार आधी कॉलेजात गेलेला, अत्यंत हुशार, एकटा पडलेला आणि अभ्यासाच्या अपेक्षांखाली दबलेला मुलगा.

हे मी घाबरवायला सांगत नाही. पण ही गोष्ट आपल्या मंडळात सांगायला हवी, कारण सोळाव्या वर्षी कॉलेज हे आपल्याकडे भूषण मानलं जातं. आमच्या खेळात एक शब्द आहे, 'रेलरोडिंग'. सूत्रधाराने गोष्ट आधीच ठरवून ठेवायची आणि खेळाडूंना रुळांवरून न्यायचं. त्यांनी काहीही सांगितलं तरी गाडी ठरलेल्या स्टेशनावरच जाणार. जगात ह्याहून वाईट सूत्रधार नाही, खेळाडू अशा टेबलावरून उठून जातात. आता आपल्या मुलांचे कागद आठवा. सहावीत कुमॉन, सातवीत रोबोटिक्स, आठवीत डिबेट, ट्रॉय हाय किंवा अ‍ॅथेन्स, मग इतके एपी, मग अ‍ॅन आर्बर, तेही कॉम्प्युटर सायन्सच. कागद आपण भरला, फासे आपण टाकले, हालचाल आपण सांगितली. मुलाने काय केलं? पात्र उभं केलं. मूल जेव्हा दुसऱ्याला एनपीसी म्हणतं तेव्हा ती अवस्था आतून कशी असते हे त्याला बरंच माहीत असतं.

वेळ जातो हा आक्षेप खरा आहे. महिन्यातले आठ तास जातात. त्या आठ तासांत मुलाने काहीतरी ठरवलं आणि त्याचा परिणाम झाला, असं घडतं. बाकीच्या आठवड्यात ते कधी घडतं, हे सूचना मांडणाऱ्यांनी मला वेळापत्रकावर बोट ठेवून दाखवावं.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. सूत्रधार एक आणि गावात माणसं शंभर, सगळ्यांना काही जीव लावता येत नाही. दूधवाल्याची वंशावळ कोणी विचारू नये. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' ह्या खेळात सूत्रधाराला सांगून ठेवलं आहे की जो कोणी समोर येईल त्याला नाव द्या. मी तेवढंच करते. नाव आणि त्याला आज काय हवं आहे, एवढं एका ओळीत. बाकीचं लागलं तर बघू. ह्यापेक्षा जास्त मी कोणाकडून मागत नाही, आणि 'ऑफशोअर'च्या बाबतीतही एवढंच मागते.

तेव्हा समितीपुढे माझं म्हणणं असं. टेबल बंद करू नये. पैसे नकोत, फासे आणि कागद माझे. थंडीचे चार महिने बेसमेंटऐवजी एक खोली मिळाली तर बरं, कारण जिन्यावरून उतरताना वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात आणि यंदापासून दर शनिवारी दोन खुर्च्या त्यांच्यासाठी राखून ठेवायच्या आहेत. फेब्रुवारीतल्या शिवजयंतीला स्पर्धेचा एक गट नुसता मावळ्यांचा ठेवावा, संवाद पाठ नको, परीक्षकांनी प्रश्न विचारावेत आणि मुलांनी मावळा म्हणून उत्तरं द्यावीत. परीक्षक म्हणून एसटीतल्या आजोबांचं नाव मी सुचवते, ते तेव्हा इथे असतील तर.

सध्या मला पात्रं भरायची आहेत: एक खानावळवाली, एक होडीवाला, एक रुसलेली राणी आणि एक निवृत्त मांत्रिक. आपले आईवडील मेमध्ये येत असतील तर आधी कळवा. कागद मोठ्या अक्षरांत छापले आहेत, तरी चष्मा बरोबर द्या.